गळके कौलारू छप्पर : मोजक्या पैशांत फुटकी कौले स्वतः बदलता येतील का?

सोप्यातली_खिडकी (शिवाजी पेठ, कोल्हापूर), १४ मे

नमस्कार.

आमचे घर शिवाजी पेठेतील एका अरुंद बोळात आहे. पुढे सोपा, त्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी परडे अशी जुनी मांडणी असून सोपा आणि माजघर यांवर मंगलोरी कौलांचे दुपाखी, म्हणजे दोन बाजूंना उतार (पाखे) असलेले, छप्पर आहे. स्वयंपाकघरावर वडिलांनी पुढे स्लॅब घातला. पण पुढचे छप्पर आजोबांच्या काळातले आहे तसेच आहे. दर उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे एक वयस्कर गृहस्थ येत, दोन दिवसांत सारी कौले चाळून देत आणि फुटकी बाजूला काढून ठेवत. चार वर्षांपूर्वी ते वारले आणि तेव्हापासून छपराला कोणाचा हात लागलेला नाही. ही चूक आमचीच आहे, हे मला मान्य आहे.

गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस मोठ्या वाऱ्यासह आला आणि परड्यातल्या नारळाची वाळलेली झावळी पश्चिमेकडच्या पाख्यावर पडली. दुसऱ्या दिवशी माजघरात दिवे न लावता वर पाहिले, तेव्हा नऊ ठिकाणी उजेड दिसला. पाच कौले फुटून पडली आहेत, तीन जागेवरून सरकली आहेत आणि एक मधोमध तडकलेले आहे. याशिवाय आढ्यावरचे, म्हणजे दोन पाखी जेथे मिळतात त्या माथ्यावरचे, दोन कोने (सांधा झाकणारी कौले) हललेले दिसतात. त्यांच्याखालचा सिमेंटचा थर सुटून त्याचे तुकडे बोळात पडले होते.

दोन ठेकेदारांना बोलावून दाखवले. दोघांनीही वर न चढता, खालूनच पाहून, कौले उतरवून संपूर्ण छपराला पत्रा घालण्याचा सल्ला दिला. त्यांनी सांगितलेली रक्कम आमच्या आवाक्यातली नाही. आईच्या औषधपाण्याचा खर्च बाजूला काढल्यावर माझ्याकडे या कामासाठी सहा हजार रुपये उरतात आणि मृग निघायला जेमतेम तीन आठवडे आहेत.

मला उंचीची भीती वाटत नाही, पण कौलांवर चढण्याचा अनुभवही नाही. भाऊ सुट्टीच्या दिवशी मदतीला येऊ शकतो. एवढ्या तयारीवर नऊ कौले आम्हाला बदलता येतील का, जुन्या कौलांशी जुळणारी कौले कोल्हापुरात कोठे शोधावीत, आणि फटी सिमेंटने भरून टाकाव्यात असे शेजारचे काका सांगतात ते करावे की नाही, हे मला विचारायचे आहे. तूर्त ताडपत्री टाकून वर विटा ठेवल्या आहेत. ज्यांनी हे काम स्वतः केले असेल, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रंधा_पटाशी, १४ मे

ताई, सर्वांत आधी त्या विटा खाली काढा. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की तिच्यावरची वीट घरंगळते आणि धड असलेली कौले फोडते. अशा रीतीने नऊची एकोणीस झालेली मी पाहिली आहेत. ताडपत्रीच्या टोकांना दोऱ्या बांधून त्या दोन्ही बाजूंच्या वळचणीखाली (छपराच्या बाहेर आलेल्या खालच्या कडेखाली), वाशांच्या टोकांना आवळून घ्या. वजन छपरावर नको, खाली लोंबते राहू द्या. वाळूची पिशवी दोरीला टांगली तरी चालते.

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम झाले आणि वडिलांबरोबर मी पंधरा-सोळा उन्हाळे छपरे शाकारली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमच्या नऊ कौलांपैकी बहुतेक सगळी छपरावर पाय न ठेवता, घराच्या आतूनच बदलता येतील. तुम्ही लिहिले आहे की माजघरातून वर पाहिले असता कौलांमधून उजेड दिसतो. म्हणजे खाली तक्तपोशी नाही, छताची फळी नाही. वासे (उताराच्या दिशेने टाकलेली लाकडे), रिपा (वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या) आणि कौले उघडी आहेत. असे छप्पर ही फार मोठी सोय असते आणि ठेकेदार ती सांगत नाहीत, कारण त्यात त्यांचे काम उरत नाही.

हे कसे होते ते समजण्यासाठी कौल कसे बसते ते पाहावे लागेल. मंगलोरी कौल साधारण सोळा इंच लांब आणि सव्वानऊ इंच रुंद असते. त्याच्या पाठीमागे वरच्या टोकाला दोन खुंट्या असतात; त्या रिपेवर अडकतात आणि त्यामुळे कौल उतारावरून घसरत नाही. एका बाजूला खोलगट नाळी असते आणि दुसऱ्या बाजूला तिच्यावर झाकण घालणारी कड. शेजारच्या कौलाची कड आपल्या कौलाच्या नाळीवर बसते आणि वरच्या रांगेतील कौलाचे खालचे टोक आपल्या डोक्यावर येते. म्हणून कोणतेही कौल काढायचे झाले की दोन ठिकाणी उचल द्यावी लागते : वरच्या रांगेला आणि एका बाजूच्या शेजाऱ्याला. कोणता शेजारी वर बसला आहे हे आतून नीट पाहिले की कळते. ही बाजू चुकली, तर जोर लावून धड कौलाची कड तुटते.

रिपा साधारण साडेबारा इंचांच्या अंतराने ठोकलेल्या असतात. दोन इंच रुंदीची रीप धरली तर दोन रिपांमधली मोकळी जागा साडेदहा इंचांच्या आसपास राहते आणि कौलाची रुंदी सव्वानऊ आहे. याचा अर्थ कौल रिपांना समांतर आडवे धरले, की ते या फटीतून आत घेता येते आणि बाहेरही देता येते. मात्र दोन वाशांमधले अंतर दीड फुटापेक्षा अधिक हवे. तुम्ही टेप घेऊन आधी ही दोन्ही मापे घ्या आणि मगच कामाला हात घाला.

काम असे करावे. घडीची शिडी किंवा भक्कम टेबल फुटक्या कौलाच्या बरोबर खाली न ठेवता हातभर बाजूला ठेवावे, म्हणजे निसटलेला तुकडा डोक्यावर येणार नाही. भावाने शिडी धरावी. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला फडके बांधणे हे या कामात अत्यावश्यक आहे. कित्येक वर्षांची धूळ, काजळी आणि पाखरांची विष्ठा वरून पडते. कौलांखाली विंचू आणि गांधीलमाशांची पोळी असतात, म्हणून हात घालण्याआधी बॅटरी मारून पाहावे आणि हातमोजे घालावेत. वरच्या रांगेतील कौल तळव्याने हळूच वर ढकलून त्याच्या खाली लाकडी पाचर सारावी. वर बसलेल्या शेजाऱ्यालाही तशीच एक पाचर द्यावी. आता फुटके कौल उताराच्या वरच्या दिशेला बोटभर सरकवले की खुंट्या रिपेवरून सुटतात. मग ते तिरपे करून आत ओढून घ्यावे. एका तुकड्यात येत नसेल तर तुकडे करून काढावे, पण हातोडीने ठोकू नये; हादऱ्याने शेजारची कौले तडकतात.

नवे कौल बसवताना ते सपाट धरून बाहेर देऊ नये. काठावर उभे धरून, डोक्याचे टोक पुढे करून बाहेर काढावे, बाहेर गेल्यावर हाताने फिरवून पालथे करावे आणि खाली ओढून खुंट्या रिपेवर अडकवाव्यात. जागा अपुरी वाटली तर शेजारचे एक धड कौल वर सरकवून भोक मोठे करून घ्यावे. खुंट्या बसल्याचा बारीक आवाज येतो आणि कौल खाली ओढूनही हलत नाही. मग पाचरी एकेक करून काढाव्यात, आधी बाजूची आणि नंतर वरची. पहिल्या कौलाला अर्धा तास लागेल, चौथ्यापासून दहा मिनिटे पुरतील.

दोन जागा मात्र आतून होत नाहीत. वळचणीची शेवटची रांग बाहेरून शिडी लावून करावी लागते आणि आढ्यावरचे कोने वर चढूनच बसवावे लागतात. कोन्यांचे काम तुम्ही करू नये, असे मी स्पष्ट सांगतो. त्यासाठी जाणता माणूस अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर बोलवा. सहा हजारांतील मोठा वाटा तेथे खर्च करणे शहाणपणाचे आहे, कारण बाकीचे काम तुमच्याच हातून होणार आहे.

आणखी एक गोष्ट. कौल बदलण्याआधी ते का पडले हे शोधा. पाच कौले झावळीने फुटली हे समजले. पण तीन कौले नुसती सरकली आहेत आणि धड कौल आपण होऊन सरकत नाही. त्याच्या खुंट्या झिजल्या असतील किंवा खालची रीप कुजली असेल. तेथे स्क्रूड्रायव्हरचे टोक रिपेत दाबून पाहा आणि काय आढळले ते येथे लिहा.

गगनबावडा_रस्ता, १५ मे

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. आमचे गावाकडचे घर गगनबावड्याच्या बाजूला, म्हणजे कोल्हापूर शहराच्या कितीतरी पट पावसाच्या पट्ट्यात आहे, आणि कौले मिळवण्याची खटपट गेली दहा वर्षे मीच करते. म्हणून तेवढ्याच विषयावर लिहिते.

नवी कौले घेण्याआधी जुनी शोधावीत. कोल्हापुरात पेठांमधली जुनी घरे सतत उतरवली जात आहेत आणि घर उतरवणारे लोक सागवान, दारे, खिडक्या बाजूला काढून विकतात, पण कौले अनेकदा ढिगाने तशीच पडून राहतात. आपल्या भागात कोठे घर पाडण्याचे काम चालू आहे हे पाहून तेथील मुकादमाला विचारावे. जुन्या लाकडाच्या वखारीतही चौकशी करावी. मला गेल्या वर्षी अशी कौले १५ रुपयांना एक या दराने मिळाली. नऊ हवी असतील तर नऊच आणू नयेत. किमान वीस-पंचवीस आणावीत, कारण काही बसवताना फुटतील आणि उरलेली पुढच्या वर्षी लागतील.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, नमुना म्हणून आपले एक धड कौल बरोबर न्यावे. मंगलोरी कौल म्हणजे सगळीकडे एकच माप, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली अशा कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर मलबार ते गुजरातपर्यंत ठिकठिकाणी कारखाने निघाले. प्रत्येकाचा साचा थोडा निराळा होता. लांबी-रुंदीत पाव-अर्धा इंचाचा फरक असतो. नाळीची खोली आणि कडेची जाडी तर हमखास वेगळी असते. कौल उलटे केले की पाठीवर कारखान्याचे नाव किंवा चिन्ह उमटवलेले दिसते. तेच चिन्ह असलेली कौले मिळाली तर फारच उत्तम. नाही मिळाली तर आपले कौल आणि त्यांचे कौल शेजारी ठेवून, मग एकमेकांवर ठेवून, दोन्ही बाजूंनी जुळते का ते तेथेच पाहावे. कौल डोलत असेल तर घेऊ नये, कितीही स्वस्त असले तरी. त्या डोलण्यातूनच वाऱ्याने पाणी आत शिरते.

घेताना प्रत्येक कौल एका हातात लोंबते धरून बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. घरी आणल्यावर दोन-तीन कौलांच्या खोलगट भागात पाणी घालून ती रात्रभर विटांवर ठेवावीत. पाठीला ओल येणे चालते, पण थेंब लोंबू लागले तर ते कौल वापरू नये. शेवाळ कोरडे असतानाच तारेच्या ब्रशने हलकेच काढावे आणि नाळी मात्र मनापासून साफ करावी, कारण निम्मी गळती फुटक्या कौलांमुळे नव्हे, तर नाळीत साचलेल्या मातीमुळे आणि पाचोळ्यामुळे होते. नाळी तुंबली की पाणी कडेवरून उलटून आत येते आणि आपण मात्र धड कौलांना दोष देत बसतो.

माजघरात अंधार असेल तर एखादे काचेचे कौल त्याच रांगेत घालून घ्या. भोक पडलेलेच आहे, तर त्यातून उजेड तरी मिळेल.

बांधकाम_आरेखन, १५ मे

मी वेगळे मत मांडतो आणि ते पूर्ण विचार करून मांडतो. वरील दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, परंतु छपराचे आयुष्य कौलांवर नव्हे, तर लाकडावर ठरते. शंभर चौरस फुटांना सुमारे १४० कौले लागतात आणि एक कौल अडीच किलोचे धरले तर तेवढ्या भागावर ३५० किलो वजन येते. पावसात कौले पाणी पितात आणि ते आणखी वाढते. वासे कुजलेले असतील तर नऊ कौले बदलून समाधान मानणे धोक्याचे आहे. अशा स्थितीत पत्र्याचा सल्ला सरसकट चुकीचा म्हणता येणार नाही.

मात्र ठेकेदारांनी वर न चढता तो दिला, हे मला पटत नाही. आधी प्रत्येक वाशाची दोन्ही टोके तपासावीत : भिंतीत शिरणारे आणि वळचणीला बाहेर निघणारे. वाळवी आणि कूज तेथूनच सुरू होते. लाकडाला टोकदार वस्तू टोचली असता ती पाव इंचापेक्षा अधिक सहज आत गेली, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर काम थांबवून अनुभवी सुताराला दाखवावे. वासे धड असतील तर कौलेच ठेवावीत. पत्रा हलका असल्यामुळे वाऱ्याने उचलला जातो. त्याला हुक-बोल्टांनी खालच्या लाकडाशी जखडावे लागते आणि तो खर्च ठेकेदाराच्या पहिल्या आकड्यात बहुधा नसतो. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली आईंना दुपार काढणे कठीण होईल.

आणखी एक सूचना. जुन्या पेठांतून विजेची सेवावाहिनी (खांबावरून घरात येणारी तार) वळचणीच्या अगदी जवळून जाते. बाहेरून शिडी लावण्याआधी ती कोठे आहे हे पाहावे आणि धातूची शिडी तिच्या जवळपासही नेऊ नये. बांबूची किंवा लाकडी शिडी वापरावी, ती वळचणीच्या वर तीन फूट तरी जावी, आणि चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात तिचा पाया भिंतीपासून दूर ठेवावा.

सोप्यातली_खिडकी, १९ मे

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. विटा त्याच संध्याकाळी उतरवल्या.

रविवारी भावाबरोबर सगळे तपासले. वासे सागवानी आहेत आणि चौदाच्या चौदा वाशांची टोके धड निघाली; स्क्रूड्रायव्हर कोठेही आत गेला नाही. दोन वाशांमधले अंतर एकोणीस इंच आहे आणि रिपांमधली मोकळी जागा दहा इंचांहून थोडी अधिक. जेथे कौले सरकली होती तेथील रीप मात्र हाताने चुरली जाते. सुमारे साडेतीन फुटांचा तुकडा वाळवीने पोखरलेला आहे. त्याच्या आजूबाजूची रीप चांगली आहे. पूर्ण रीप बदलायची तर सबंध रांग उतरवावी लागेल. तेवढाच तुकडा बदलता येतो का? आणि कोन्यांसाठी माणूस मिळाला आहे, पण तो निव्वळ सिमेंट-वाळूने कोने पक्के करू म्हणतो. ते योग्य आहे का?

रंधा_पटाशी, १९ मे

वासे सागवानी आणि धड आहेत, ही फार चांगली बातमी आहे. घर आणखी पुष्कळ वर्षे उभे राहील.

रीप पूर्ण काढण्याची गरज नाही. पोखरलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना जेथे धड वासा लागतो, त्या वाशांपर्यंत पोचेल एवढ्या लांबीची नवी रीप घ्या. तुमचे वासे एकोणीस इंचांवर आहेत, म्हणजे साडेतीन फुटांच्या तुकड्यासाठी साधारण पाच-साडेपाच फुटांची रीप लागेल. त्या भागावरची कौले आतून काढून क्रमाने बाजूला ठेवा, कुजलेला तुकडा वाशाच्या मध्यावर कापून काढा आणि नवी रीप त्याच जागी बसवा. जोड नेहमी वाशावर यावा, दोन वाशांच्या मधे अधांतरी येऊ नये. नव्या रिपेची जाडी जुन्या रिपेएवढीच हवी. ती दोन सुतांनी (पाव इंचाने) जरी जाड झाली तरी त्या रांगेतील कौले उचललेली राहतात आणि वरच्या रांगेत फट पडते. खिळा ठोकताना दुसऱ्याने वाशाला खालून जड हातोडीचा टेका द्यावा, नाहीतर हादऱ्याने वरची कौले उड्या मारतील. त्याहून बरे म्हणजे आधी बारीक छिद्र पाडून स्क्रू वापरावा. वाळवीसाठी शेजारच्या रिपेला आणि वाशाला वाळवीनाशक ब्रशने दोनदा लावावे. जुने इंजिन ऑइल फासण्याची पद्धत आहे, पण राहत्या घरात ते करू नये. वास महिनोन्‌महिने जात नाही आणि ते पेट घेणारे आहे.

कोन्यांबद्दल. निव्वळ सिमेंट-वाळू, तीही जास्त सिमेंटची, हेच तुमचे कोने सुटण्याचे कारण असण्याची शक्यता आहे. असा थर कडक होतो, आकसतो आणि उन्हात कौल तापून फुगले की त्याच्याबरोबर हलत नाही; मग तडा जातो आणि पहिल्याच पावसात पाणी त्या तड्यातून थेट आढ्यावर उतरते. जुन्या काळी हे काम चुन्यात होत असे, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत, आणि ते थर अजूनही कित्येक घरांवर टिकून आहेत. आज एवढी खटपट शक्य नसली तरी एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असे मिश्रण घ्यायला त्या माणसाला सांगा. कोने आणि खालची कौले आधी पाण्याने भिजवून घ्यावीत. कोरडे कौल मिश्रणातले पाणी शोषून घेते आणि थर धरत नाही. मिश्रण कोन्याच्या दोन्ही कडांखालीच घालावे, पोकळी ठासून भरू नये. त्यानंतर सात दिवस गोणपाट ओले ठेवावे. हे काम मेच्या पंचविशीच्या पुढे ढकलू नका.

कौलांच्या मधल्या फटी सिमेंटने भरण्याचा शेजारच्या काकांचा सल्ला कृपया मानू नका. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण भरलेली फट पाण्याला बाहेर पडू देत नाही, आणि पुढच्या वर्षी एक कौल बदलायचे झाले तर चार फुटतात. कौलारू छपराचा सारा गुणच असा आहे, की त्यातले प्रत्येक कौल सुटे असते.

तो माणूस वर चढेल तेव्हा त्याने कौलांच्या मध्यभागी पाय देऊ नये. कौलाचे खालचे टोक जेथे पुढच्या कौलावर चढते, त्या जागेखाली रीप असते. भार तेथे द्यावा. त्याहून चांगले म्हणजे आढ्यावर अडकणारी लाकडी शिडी पाख्यावर उताराच्या दिशेने टाकून तिच्यावरूनच चालावे. दोर कमरेला बांधून त्याचे दुसरे टोक पलीकडच्या बाजूला भक्कम ठिकाणी अडकवा. काम सकाळी लवकर करा. दुपारी कौले हात लावू देत नाहीत.

सोप्यातली_खिडकी, २ जून

काम झाले. ज्यांना पुढे उपयोग होईल त्यांच्यासाठी तपशील देते.

मंगळवार पेठेत उतरवल्या जाणाऱ्या एका घराची कौले मिळाली. आमच्या कौलांच्या पाठीवरचे चिन्ह तेथे सापडले नाही, पण चार ढिगांतून शोधत गेल्यावर एका ढिगातली कौले बरोबर जुळली. चोवीस कौलांचे ३६० रुपये, रिक्षा-टेम्पोचे ३००, रिपेचे ४८०, खिळे, स्क्रू, तार, वाळवीनाशक, चुना, सिमेंट आणि वाळू मिळून ७००, आणि कोने बसवणाऱ्या माणसाची मजुरी १,३००. एकूण ३,१४० रुपये खर्च आला. पहिले कौल बसवायला आम्हाला पाऊण तास लागला आणि त्यात शेजारच्या एका कौलाची कड तुटली, कारण कोणती बाजू वर आहे हे मी घाईत नीट पाहिले नव्हते. बाकीची आठ दोन तासांत झाली. त्यातील वळचणीचे एक भावाने बाहेरून बसवले. एका जागी काचेचे कौल घातले आहे; आई आता दुपारी तेथे खाट ओढून पोथी वाचते.

परवा रात्री तासभर जोराचा पाऊस झाला. पश्चिमेकडचे पाखे संपूर्ण कोरडे राहिले. फक्त एका ठिकाणी, जेथे आमचे छप्पर शेजारच्या उंच भिंतीला टेकते, तेथे भिंतीवरून ओघळ उतरला. तेथील कौले धड आहेत. पाणी कौल आणि भिंत यांच्या सांध्यातून येत असावे असे वाटते. उरलेल्या पैशांत हे करता येईल का?

रंधा_पटाशी, २ जून

येईल, आणि आतापर्यंतच्या कामापेक्षा सोपे आहे. त्या सांध्यात पूर्वी चुन्याची उतरती पट्टी असणार. ती सुटली आहे. कायमचा उपाय म्हणजे भिंतीत कौलांच्या वर चार-पाच इंचांवर इंचभर खोल खाच मारून तीत गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची वाकवलेली पट्टी बसवायची, तिचे खालचे टोक कौलांवर सहा इंच तरी यावे आणि खाच वरून मिश्रणाने बंद करावी. पट्टीचे तुकडे जोडताना उताराच्या वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर चढवावा; उलटे झाले तर पाणी जोडातूनच आत जाते. पत्र्याचे काम करणारा कोणीही कारागीर मोजमापाप्रमाणे पट्टी वाकवून देईल. भिंत शेजाऱ्यांची असेल तर खाच मारण्याआधी त्यांची परवानगी घ्या.

मृगाला आता पाचच दिवस आहेत, तेव्हा पट्टी मिळेपर्यंत सांधा कोरडा करून, धूळ झाडून, त्यावर रुंद डांबरी चिकटपट्टी दाबून लावा. ओल्या भिंतीवर ती धरणार नाही. दोन दिवस ऊन मिळाले की लगेच लावा. ती हा पावसाळा काढील. दिवाळीनंतर भिंत पूर्ण वाळली की पत्र्याची पट्टी बसवा, आणि त्याच वेळी उरलेली कौले परड्यात जमिनीवर न ठेवता विटांवर, उभी करून, एकाआड एक रचून ठेवा.